साथरोगशास्त्र शिकवायचं तर जे आजारी पडले नाहीत त्यांच्या घरी जा

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवतो. पुढच्या सत्रात बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या आणि समाजकार्याच्या मुलांना एकत्र बसवून साथरोगशास्त्राची तोंडओळख करून द्यायची आहे. पंधरा तासिका आणि दोन गावभेटी एवढंच हातात आहे. मुलं बहुतेक शेतकरी-शेतमजुरांच्या घरची, गणित म्हटलं की मागे सरकणारी. सुरुवात कुठून करू, आणि काय सोडून देऊ?

उत्तर :

सर, वर्धा-यवतमाळच्या गावांमधून सामुदायिक आरोग्याचं काम करता करता मला अठ्ठावीस वर्षं झाली. या काळात मी मेडिकलची, नर्सिंगची आणि समाजकार्याची मुलं गावात नेली. पहिली काही वर्षं मी हा विषय चुकीच्या टोकाकडून शिकवत होते. पहिल्या तासाला व्याख्या लिहून द्यायची, दुसऱ्या तासाला रोगाचा त्रिकोण काढायचा आणि तिसऱ्या तासाला सूत्रं. मुलं लिहून घ्यायची, पेपरात उतरवायची, आणि गावात गेली की गोंधळून जायची. तुम्ही तसं करू नका.

पहिल्या तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहा : ‘गावात यंदा डेंग्यूचे 12 रुग्ण निघाले.’ मग विचारा, हे जास्त की कमी? वर्ग एका आवाजात ‘जास्त’ म्हणेल. तुम्ही काही बोलू नका, थोडं थांबा. एखादं पोर विचारेलच, ‘सर, गाव केवढं?’ तिथून तुमचा विषय सुरू झाला. 300 वस्तीच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या पाड्यावर, 12 रुग्ण म्हणजे हजारी 40. 12,000 वस्तीच्या तालुक्याच्या गावात 12 म्हणजे हजारी 1. आकडा तोच आहे, पण पहिल्या ठिकाणी आज रात्रीच निघावं लागेल. मग पुढचे प्रश्न मुलांकडूनच काढून घ्या. हे 12 किती दिवसांतले? मागच्या वर्षी याच महिन्यात किती होते? रक्त किती जणांचं तपासलं? जिथे कोणी तपासतच नाही तिथे रुग्णही ‘निघत’ नाहीत.

भागाकारात अंश आणि छेद असतात हे पाचवीतलं पोरही सांगतं. आपल्या सगळ्या शास्त्राचा जीव छेदात आहे. आजारी माणूस आपोआप दिसतो. तो दवाखान्यात येतो, त्याची बातमी होते, रजिस्टरात त्याचं नाव चढतं. जो आजारी पडला नाही तो कुठेच दिसत नाही, आणि त्याला शोधून काढल्याशिवाय आजाऱ्याबद्दल काहीही कळत नाही. पंधरा तासांत मुलांच्या मनात एवढं एक पक्कं बसलं तर बाकीचं पुस्तकातून येईल.

हे मला एका गावानं शिकवलं, ते जरा सविस्तर सांगते.

आषाढातले दिवस, पेरण्या आटपलेल्या. गावात हगवणीची साथ सुरू झाल्याचा निरोप उपकेंद्राच्या सिस्टरनं दिला. माझ्याबरोबर नर्सिंगच्या आणि समाजकार्याच्या मुली होत्या. आशाताईकडची आजाऱ्यांची यादी घेऊन आम्ही घरं वाटून घेतली. मुली घरोघर विचारत होत्या, ‘पाणी कुठलं पिता?’ सगळीकडून एकच उत्तर, ‘विहिरीचं.’ दुपारपर्यंत सगळ्यांचं ठरलं : विहीर दूषित आहे. मलाही ते पटलं. ग्रामपंचायतीचा शिपाई मात्र कळवळून सांगत होता की मी रोज टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो. त्यानं विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन आमच्यासमोर ओटीचा, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचा, थेंब टाकला, तर पाणी छान पिवळं झालं. म्हणजे क्लोरीन होतं.

त्यातली एक मुलगी उन्हानं थकून गावाच्या टोकाच्या एका ओसरीवर टेकली. हे घर यादीत नव्हतं. म्हातारीनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मुलगी बिचकली, पाणी हातात धरून म्हणाली, ‘आजी, हे विहिरीचं असंल ना?’ म्हातारी म्हणाली, ‘विहिरीचंच हाय. पन आमच्या घरी कोनाले काई नाई झालं. या ओळीत कोनालेच नाई झालं.’

ती मुलगी तांब्या तसाच ठेवून पळत माझ्याकडे आली. एकाच विहिरीचं पाणी, मग या ओळीत आजार का नाही? आम्ही परत फिरलो आणि या वेळी फक्त निरोगी घरं घेतली. फरक अर्ध्या तासात दिसला. गावाच्या त्या टोकापर्यंत नळ पोचलेला नव्हता. तिथल्या बाया विहिरीवर जाऊन बादलीनं पाणी शेंदून आणत. आजारी घरांतही विहिरीचंच पाणी येत होतं, पण टाकीतून आणि नळातून. शिपाई पुढे, आम्ही मागे, असं नळाच्या पाइपाच्या कडेकडेनं चालत गेलो. देवळामागे पाइप सरळ नालीतून गेला होता आणि सांध्यावर प्लास्टिकची पन्नी गुंडाळलेली होती. नळाला पाणी असतं तोवर तिथून पाणी बाहेर गळतं. नळ गेला, वर कुणी मोटर लावून ओढलं, की नालीतलं पाणी आत खेचलं जातं. शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटीचा थेंब टाकला, तर रंगच आला नाही.

आम्ही प्रश्न चुकीचा विचारत होतो असं नाही. आम्ही तो फक्त आजारी घरांत विचारत होतो, एवढीच चूक होती.

लंडनचा डॉक्टर जॉन स्नो याची गोष्ट तुम्ही सांगालच, ती सांगायलाच हवी. पण पाठ्यपुस्तकांत ती अर्धी येते. 1854 सालचं लंडन, सोहो वस्तीतला कॉलरा, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, आणि 8 सप्टेंबरला काढलेला पंपाचा दांडा. मुलांना वाटतं, नकाशावर मृत्यूंच्या खुणा केल्या आणि कोडं सुटलं. स्नोच्या तर्काला खरं बळ दिलं ते न मेलेल्यांनी. पंपाजवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात 535 माणसं होती, आजूबाजूच्या घरांत माणसं पटापट मरत असताना तिथे फक्त 5 मृत्यू झाले, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या दारूभट्टीतल्या कामगारांना कॉलरानं मारलं नाही, ते तिथली बिअर प्यायचे आणि भट्टीची विहीरही वेगळी होती. दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरायला लागली होती, हेही मुलांना स्पष्ट सांगा. त्यानं स्नोचं मोठेपण कमी होत नाही. कॉलराचा जंतू रॉबर्ट कॉकनं कोलकात्यात 1884 साली पक्का ओळखला. त्याच्या तीस वर्षं आधी, जंतू न दिसता, केवळ कोण आजारी पडलं आणि कोण नाही याची नीट तुलना करून एक माणूस पाण्यापर्यंत पोचला. तुमच्या मुलांकडे प्रयोगशाळा नाही, पण ही तुलना करायला ती लागतही नाही.

आता गणित. त्याची भीती घालवायला मी तेरवीच्या जेवणाचा खेळ करते. हे आकडे मी शिकवण्यासाठी रचलेले आहेत, मुलांना तसंच सांगा. समजा तेरवीला जेवलेल्या 120 माणसांना आपण विचारलं. 42 जणांना रात्रीतून ओकाऱ्या-हगवण झाली. आधी फक्त या 42 जणांची माहिती वर्गाला द्या : 35 जणांनी बुंदी खाल्ली होती, 36 जण मठ्ठा प्यायले होते. दोष कशाचा? वर्ग दोन्हींवर शंका घेईल, आणि ते बरोबरच आहे, कारण एवढ्या माहितीवरून दोन्ही सारखेच दिसतात.

मग उरलेल्या 78 जणांची माहिती द्या, ज्यांना काही झालं नाही. मठ्ठा प्यायलेले एकूण 60, त्यांतले 36 आजारी, म्हणजे 60 टक्के. मठ्ठा न घेतलेले 60, त्यांतले 6 आजारी, म्हणजे 10 टक्के. बुंदी खाल्लेले 100, त्यांतले 35 आजारी, म्हणजे 35 टक्के. बुंदी न खाल्लेले 20, त्यांतले 7 आजारी, तेही 35 टक्के. बुंदी खा की नका खाऊ, धोका तेवढाच. मठ्ठा प्यायलेल्याला मात्र सहापट. हे तुम्ही फळ्यावर सोडवू नका. मुलांना तुरीचे आणि मुगाचे दाणे द्या, तूर म्हणजे निरोगी आणि मूग म्हणजे आजारी, आणि जमिनीवर खडूनं चार घरं आखून ते दाणे त्यांनाच वाटायला लावा. भागाकार जमत नाही म्हणणारी पोरंसुद्धा ढिगाकडे बघून उत्तर देतात. या 60 आणि 10 टक्क्यांना अटॅक रेट म्हणतात आणि त्या सहापटीला रिलेटिव्ह रिस्क, ही नावं दाणे उचलताना सांगा. तेव्हा ती लक्षात राहतात.

एक हुशार पोरगी विचारेल, ‘मठ्ठा न पिताही 6 जण कसे आजारी पडले?’ तिला शाबासकी द्या. कुणी प्यायल्याचं विसरलं असेल, कुणी त्याच भांड्यातून पाणी घेतलं असेल, कुणाला आधीच हगवण असेल. गावातली माहिती अशीच असते. मठ्ठ्यावरचा संशय त्या 6 जणांमुळे उडून जात नाही, पण ते आकडे पुसून टाकायचेही नाहीत.

गावभेटीआधी एक तास ‘आजारी कोणाला म्हणायचं’ यासाठी ठेवा. हा तास वाया जातोय असं वाटेल, तरी ठेवा. आपल्याकडे कोणी म्हणतं हगवण, कोणी ढाळ, कोणी ‘पोट बिघडलं’, कोणी नुसतं ‘जीव बरा नाई’. दहा मुलांनी आपापल्या समजुतीनं मोजलं तर दहा वेगळे आकडे येतात. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच, अमुक तारखेपासून, याच गावात राहणारा माणूस : एवढं सगळ्यांच्या वहीत एकाच शब्दांत लिहून घ्या. बाळाच्या आईला ‘नेहमीपेक्षा पातळ का?’ असं वेगळं विचारावं लागतं, कारण अंगावर पिणारं लेकरू दिवसातून कितीदाही करतं.

छेदाबद्दल माझी एक चूक तुम्हाला सांगायलाच हवी. वर सांगितलेल्या त्याच साथीत अटॅक रेट काढताना मी ग्रामपंचायतीच्या रजिस्टरातली लोकसंख्या घेतली. त्या आकड्यात दोन किलोमीटरवरच्या कोलाम पोडाची माणसंही होती. पोडावर आम्ही गेलोच नव्हतो. मुलींनी काढलेल्या नजरी नकाशात पोड नव्हतं आणि मीही पाहिलं नाही. म्हणजे छेदात पोड होतं, अंशात नव्हतं, आणि आमचा दर खोटाच कमी आला. पोडावरची माणसं नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी पीत होती. तिथली दोन लेकरं हगवणीनं पार सुकली होती, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं. सलाइन लावून ती वाचली. तेव्हापासून मी नकाशा गावठाणापासून काढू देत नाही. आधी पोड, टोला, वीटभट्टी, शेतातली एकटी घरं, बाहेरून वेचणीला आलेल्या मजुरांची पालं काढायची, आणि मग गाव.

दवाखान्याच्या रजिस्टरावर विसंबून राहिलं तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण विदर्भातलंच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम 8 टक्के. रजिस्टर उघडून बसलं असतं तर या गावांत स्त्रीरोग नाहीतच असं दिसलं असतं. तुमच्या वर्गातल्या मुलींना हे उदाहरण जरूर सांगा, आणि ते सांगताना आवाज खाली आणू नका.

आजार कोणाला, कुठे आणि केव्हा झाला, म्हणजे माणूस, जागा आणि वेळ, या तिन्हींवर मी फार तास घालवत नाही, कारण गावची मुलं ते जाणून असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणणाऱ्या लोकांना रोगराईचा मोसम कोणता हे शिकवायला नको. डेंग्यू, हिवताप, स्क्रब टायफस, सगळे त्याच सुमाराला डोकं वर काढतात. त्यांना फक्त ते कागदावर मांडायची सवय लावायची. काड्यापेट्या घ्या, प्रत्येक रुग्णाची एक, आणि आजार ज्या तारखेला सुरू झाला त्या तारखेवर ती रचा. मनोरा एकदम चढून एकदम उतरला तर सगळ्यांनी एकाच वेळी एकाच ठिकाणी काहीतरी घेतलं. आठवडेच्या आठवडे सपाट लांबत गेला तर ते कारण अजून चालू आहे, किंवा माणसाकडून माणसाकडे जातंय.

जंतू नसलेल्या गोष्टींनाही हीच मांडणी लागू होते. 2017 च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि 20हून अधिक माणसं गेली. एकेक माणूस खाटेवर पाहिला तर ते त्या माणसाचं दुर्दैव वाटतं, ‘तोंडाला फडकं बांधलं नसेल’ असं म्हणून सोडून देता येतं. तेच तारखेनं, गावानं आणि कामानं मांडलं की सगळे फवारणारेच दिसतात, सगळे त्याच काही आठवड्यांतले, सगळे उंच वाढलेल्या कपाशीत शिरलेले. तुमच्या वर्गात एखाद्याच्या घरातलं माणूस त्यात गेलेलं असू शकतं. आधी चौकशी करा, मगच हे उदाहरण घ्या.

इन्सिडन्स आणि प्रिव्हलन्स यांत मुलं हमखास अडकतात. मी विहीर काढते. झऱ्यातून येणारं पाणी म्हणजे नवे रुग्ण (इन्सिडन्स), मोटरनं उपसलं जाणारं पाणी म्हणजे बरे झालेले किंवा मेलेले, आणि विहिरीतल्या पाण्याची पातळी म्हणजे आज गावात असलेले एकूण रुग्ण (प्रिव्हलन्स). पातळी खाली गेली म्हणजे झरा आटला असं नाही, मोटर मोठी बसवली असेल. याला कुष्ठरोगाइतकं चांगलं उदाहरण नाही, आणि ते वर्ध्याच्या अंगणातलं आहे. 1951 पासून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशननं इथे घरोघर जाऊन रुग्ण शोधायचे, लोकांना समजावायचं आणि घरच्या घरी उपचार द्यायचे, अशी पद्धत बसवली. तेव्हा डॅप्सोनची गोळी वर्षानुवर्षं चालायची, म्हणजे रुग्ण वर्षानुवर्षं रजिस्टरात राहायचा. 1982 नंतर बहुऔषधी उपचार आले. आज सौम्य प्रकाराला सहा महिने आणि तीव्र प्रकाराला बारा महिने औषध पुरतं, आणि औषध संपलं की नाव निघतं. पातळी झपाट्यानं उतरली. डिसेंबर 2005 मध्ये देशाचं प्रमाण 10,000 लोकांमागे 1 च्या खाली आलं. पण झरा तेवढ्या वेगानं आटला नव्हता, नवे रुग्ण निघतच राहिले, त्यांत लहान मुलंही होती. नुसत्या पातळीकडे बघून आपण घरोघर जाणं कमी केलं तर झरा दिसायचाच बंद होतो. याबद्दल मला आजही काळजी वाटते, म्हणून मुलांना मी दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहायला लावते.

मृत्यूच्या प्रमाणासाठी चांदीपुरा विषाणू घ्या. नागपूर भागातल्या चांदीपुरा या गावाचं नाव या विषाणूला मिळालं, 1965 साली तो इथल्या रुग्णांच्या रक्तात सापडला. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत 329 मुलं आजारी पडली, 183 दगावली. भागाकार मुलांना करू द्या : 55.6 टक्के. उत्तर आलं की विचारा, छेदातली ही 329 मुलं कोण? मेंदूपर्यंत आजार पोचलेली. ज्या लेकराला वाळूमाशी चावली, दोन दिवस ताप आला आणि बरं वाटलं, ते यात नाही. मग ‘हा विषाणू निम्म्याहून जास्त मुलांना मारतो’ हे वाक्य जसंच्या तसं खरं आहे का? यावर वर्गात अर्धा तास वाद झाला तरी होऊ द्या.

अभ्यासाचे प्रकार शिकवताना नावांची यादी टाळा. मागे वळून बघायचं की पुढे चालत जायचं, हा एकच प्रश्न ठेवा. आपल्याकडे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची पुडी, आहेच, दुर्दैवानं तुमच्या वर्गातल्या काही खिशांतही असेल. ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही अशी माणसं घ्यायची, त्याच वयाची, त्याच गावची तोंड नीट उघडणारी माणसं घ्यायची, आणि दोघांना विचारायचं : किती वर्षं, दिवसाला किती पुड्या? हा केस-कंट्रोल. आज तोंड निरोगी असलेले सगळे घ्यायचे, खाणारे आणि न खाणारे, आणि दहा वर्षं त्यांच्याबरोबर राहायचं. हा कोहोर्ट. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत 1950 मध्ये आधी मागे वळून पाहिलं, आणि 1951 पासून सुमारे 40,000 ब्रिटिश डॉक्टरांच्या मागे पुढे चालत गेले. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष काही करून बघण्याचा. त्यासाठीही गडचिरोली. 39 गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, 47 गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली, पण जन्म-मृत्यू दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे मोजले. 1999 मध्ये छापून आलं : नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. मुलं ‘39 गावांचं’ कौतुक करतील. तुम्ही त्यांना 47 गावांबद्दल विचारा. ती मोजली नसती तर ‘यंदा पाऊसपाणी बरं होतं म्हणून लेकरं जगली’ असं कुणीही म्हणू शकलं असतं.

कन्फाउंडिंग हा शब्द अवघड, गोष्ट सोपी. ‘मोठ्या दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही’ हे प्रत्येक पोरानं घरी ऐकलेलं असतं. तिथे नेतात कोणाला? जो जास्त अत्यवस्थ आहे त्याला. दवाखाना आणि मृत्यू यांच्यामध्ये आजाराची तीव्रता उभी आहे. सारख्याच तीव्रतेचे रुग्ण घेऊन तुलना केली तर चित्र उलटतं. हे समजलेला पोरगा उद्या आपल्या बापाला वेळेवर गाडीत घालेल. एवढ्यासाठीसुद्धा हा विषय शिकवावा असं मला मनापासून वाटतं.

शेगाव तालुक्यातली केसगळती मुलांनी मोबाइलवर पाहिलेलीच असेल. 2024 संपता संपता काही गावांत लोकांचे केस मुठीनं निघू लागले. सुरुवातीला सगळ्यांचा रोख पाण्यावर होता. कुणी शाम्पू म्हटलं, कुणी ‘टक्कल व्हायरस’ नाव दिलं. दिल्ली-चेन्नईची तज्ज्ञ पथकं आली. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी स्वतः नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. मुलांना निष्कर्ष पाठ करायला देऊ नका. एवढंच विचारा : तुम्ही पहिल्या दिवशी तिथे पोचला असता, तर ज्यांचे केस शाबूत आहेत त्यांना काय विचारलं असतं? पाणी कुठलं, हे तर खरंच. पण गहू रेशनचा की घरचा, हे सुचलं असतं का?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तुमचा स्वतःचा विषय आहे, जनुकांचं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. माझी एवढीच विनंती, चाळणी-तपासणी (स्क्रीनिंग) तिथेच समजावा. सोल्युबिलिटीची चाचणी वाहक आणि रुग्ण वेगळे सांगत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतली इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. आणि समजा एखादी चाचणी एकही खरा सोडत नाही, पण 100 निरोग्यांपैकी 5 जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. हजारात 200 जणांना दोष असलेल्या वस्तीत 240 पॉझिटिव्ह येतील आणि 200 खरे असतील. हजारात 10 असलेल्या वस्तीत जवळपास 60 पॉझिटिव्ह येतील, त्यांतले खरे 10च. चाचणी बदललेली नाही, गाव बदललं. मुलांनी मात्र गावात कोणाच्याही सिकलसेलची नोंद नावानिशी करू नये. एका वाक्यानं मुलीचं जमलेलं लग्न मोडतं, हे मी पाहिलं आहे.

पी-व्हॅल्यू, ऑड्स रेशोचं सूत्र, सॉफ्टवेअर, हे सगळं या सत्रात सोडून द्या. कागद, पेन्सिल, रेघा मारलेली वही पुरे. गावभेट सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत ठेवू नका, घरात फक्त म्हातारी आणि लेकरं सापडतील आणि तुमचा छेद पुन्हा बिघडेल. दिवेलागणीला जा, वावरातून सगळे परतलेले असतात. सरपंच, आशाताई आणि सिस्टर यांना आधी भेटून या. आणि दुसरी गावभेट फक्त निष्कर्ष सांगण्यासाठी राखून ठेवा. आपण माहिती घेऊन जातो आणि परत कधी तोंड दाखवत नाही, ही गावांची आपल्याबद्दलची तक्रार खरी आहे.

आमच्या त्या गावात आम्ही आठ दिवसांनी परत गेलो. माणसं देवळासमोर जमली होती, पोडावरचे दोघे-तिघेही आले होते. बोलायला मी त्याच ओसरीवर टेकलेल्या मुलीला उभं केलं. तिनं तोंड उघडायच्या आधीच सरपंचांनी विचारलं, ‘सांग बाई, आमच्या गावात किती लोकं बिमार पडले?’ तिच्या हातात कागद होता, आकडा समोर लिहिलेला होता. तिनं कागद खाली घेतला आणि उलट विचारलं, ‘भाऊ, नळावरचे सांगू, विहिरीवरचे सांगू, की पोडावरचे?’ पोळ्याच्या आत ग्रामपंचायतीनं तो पाइप नालीतून वर काढला.